पिकलबॉलचं कोर्ट गल्लीला कसं उघडायचं

आमच्या सोसायटीत पिकलबॉलचं कोर्ट आखलं, तेव्हा जाळी यायच्या आधी कुलूप आलं. ॲपवर बुकिंग, फाटकाला साखळी, आणि साखळीबाहेर उभं राहून बघणारी वॉचमनची मुलगी. मी तेव्हा आतल्या बाजूला होते, हे आधीच कबूल करते.

माझी ओळख थोडक्यात. 31 वर्षं मराठी शाळेत पीटी शिकवली, त्यामुळे नवी मुंबईतल्या कोपरखैरण्यात निम्म्या लोकांना मी अजून 'पीटीच्या बाई'च. सासरे माथाडी. तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात उभी हयात पाठीवर गोण्या वाहिल्या त्यांनी. लग्न होऊन मी साताऱ्याकडून आले ती माथाडी वसाहतीतल्या बैठ्या घरात, आणि 2016 साली रस्ता ओलांडून समोरच्या टॉवरमध्ये सातव्या मजल्यावर गेले. रस्त्याच्या एका बाजूला कोर्ट, दुसऱ्या बाजूला खेळायला टपलेली पोरं आणि गोण्या वाहून गुडघे झिजलेली माणसं. गेली अडीच वर्षं आम्ही काही जण हे कोर्ट दोन्ही बाजूंचं करायच्या खटपटीत आहोत. त्यात जे जमलं आणि जे आपटलं, ते लिहिते. तुमच्या सेक्टरमध्ये करून बघा.

याला पिकलबॉलच का? जाळीच्या दोन्ही बाजूंनी पॅडलने, म्हणजे छोट्या सपाट बॅटने, खेळायचा हा खेळ. कोर्ट 44 फूट लांब, 20 फूट रुंद, म्हणजे बॅडमिंटनच्या डबल्सएवढंच. चेंडू प्लास्टिकचा, भोकं असलेला, फार पळत नाही. सर्व्हिस खालून. बॅडमिंटनला खांदा लागतो, क्रिकेट सगळं मैदान खातं आणि मुलींना सीमारेषेवर उभं करतं. इथे 12 वर्षांची मुलगी आणि 68 वर्षांचे आजोबा एकाच बाजूला उभे राहून जिंकू शकतात. पीटीच्या तासाला मी लंगडीपासून डॉजबॉलपर्यंत सगळं खेळवलं, पण हे तिथे कधी जमलं नव्हतं.

आता मुख्य गोष्ट. बाकीचं विसरलात तरी चालेल, पण लोकांना कोर्टाची उरलेली वेळ देऊ नका.

आम्ही तेच केलं होतं. कमिटीने मोठ्या मनाने 'सोसायटीत काम करणाऱ्यांसाठी' बुधवारी दुपारी तीनची वेळ दिली. नोटीस लागली, फोटो निघाला. चार बुधवार मी शिट्टी घेऊन एकटी उन्हात उभी. मला वाटलं, यांना खेळायचंच नाही. मग आमच्या मजल्यावर तीन घरची कामं करणारी ताई लिफ्टमध्ये सहज म्हणाली, "बाई, तीन वाजता तुम्ही खेळता का?" मी गप्प. तीनला तिची कामं संपतात, पण मग पाणी येतं, मुलगा शाळेतून येतो, आणि कोर्टाचा कोबा तर तव्यासारखा तापलेला असतो. तिला विचारलं, मग कधी? "रविवारी संध्याकाळी. तुम्ही सगळे खेळता तेव्हा."

रविवारी साडेपाच ते साडेसात. ॲपवर ही वेळ गुरुवारीच भरून जायची. ती मिळवायची कशी, तर कमिटीकडे मागू नका. कमिटीकडे काही मागितलं की विषय पुढच्या मीटिंगला जातो. आम्ही चौघांनी आपापलं रविवारचं अर्ध्या तासाचं बुकिंग सोडलं आणि एका कागदावर सह्या करून सेक्रेटरींना दिला: 'आमच्या हक्काचे हे दोन तास आम्ही अमुक कामासाठी देत आहोत.' स्वतःचं दिलेलं नाकारणं कमिटीला अवघड जातं. तरी तो ठराव म्हणून मिनिट्समध्ये लिहून घ्या. पुढच्या वर्षी कमिटी बदलते आणि तोंडी शब्द जुन्या कमिटीबरोबर जातो.

मग येतो 'बाहेरचे' हा प्रश्न. वार्षिक सभेत हा शब्द असा उच्चारतात, जणू समुद्रातून कोणी येणार आहे. आमचा अनुभव असा की सुरुवात अशा माणसांपासून करावी, जी रोज फाटकातून आत येतातच: घरकाम करणाऱ्या बायका, वॉचमन, झाडलोट करणारे, गाड्या धुणारी मुलं. त्यांच्या हाती आपण घराच्या किल्ल्या देतो, मग पॅडल द्यायला काय हरकत, एवढं एक वाक्य सभेत पुरलं. दुसऱ्या महिन्यात त्यांची मुलं आली. तिसऱ्या महिन्यात मुलांचे मित्र, म्हणजेच समोरची वसाहत. फाटकावर वही, वहीत नाव आणि घरच्या माणसाचा फोन नंबर, कोर्टावर कायम सोसायटीचे दोन सभासद. याहून जास्त नियम केले नाहीत.

ज्यांच्याकडे कोर्टच नाही त्यांच्यासाठी: मातीच्या मैदानावर हा खेळ होत नाही, चेंडू उसळतच नाही. पेव्हर ब्लॉकवर सांध्यांमुळे तो वाकडातिकडा उडतो. मुलांना मजा येते, पण म्हाताऱ्यांचा घोटा मुरगळतो. कोबा किंवा डांबर हवं. शाळेचं कोब्याचं पटांगण सर्वांत उत्तम, रविवारी रिकामंच असतं. मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या. महापालिकेची जागा असेल तर अर्ज विभाग कार्यालयात जातो. त्यात तारीख, वेळ, माणसं किती आणि झाडून कोण घेणार हे लिहा. शेवटचा मुद्दा लोक विसरतात, आणि पटांगण देणाऱ्याला काळजी त्याचीच असते.

आखणी फक्कीने करा. 44 बाय 20 चा चौकोन मारला की तो बरोबर काटकोनात आहे का हे बघायला कोपऱ्यातून कोपऱ्यात सुतळी ताणा: दोन्ही तिरके माप 48 फूट 4 इंच आलं पाहिजे. नाही आलं तर कोर्ट तिरपं झालंय, पुसा. जाळीपासून दोन्ही बाजूंना 7 फुटांवर आडवी रेघ; जाळी ते ही रेघ हा पट्टा म्हणजे 'किचन'. त्यामागे उरलेल्या भागाचे मधोमध दोन भाग. बॅडमिंटनचं कोर्ट आधीच आखलेलं असेल तर त्याची पुढची रेघ साडेसहा फुटांवर असते, म्हणजे अर्धा फूट मागे नवीन रेघ मारायला हवी. घाईत आम्ही जुनीच वापरली होती. दोन आठवड्यांनी नीट मारली तेव्हा सगळ्यांची सवय मोडायला आणखी महिना गेला. चारी बाजूंनी मोकळी जागा सोडा. एकूण 60 बाय 30 फूट मिळाली तर बरं.

जाळीची उंची मध्यभागी 34 इंच, कडांना 36. विकतच्या घडीच्या जाळीला बरेच पैसे पडतात. वसाहतीतल्या एका काकांनी मार्केटातून लसणाच्या लाल जाळीदार गोण्या आणल्या, त्यांच्या सुनेने त्या उसवून एकमेकींना शिवल्या, वरच्या कडेत नायलॉनची दोरी ओवली. दोन वर्षं झाली, तीच जाळी चालू आहे. टॉवरमधली मंडळी तिचे फोटो काढतात, काकांना त्याचं नवल वाटतं.

पॅडलचं म्हणाल तर विकतच्यांच्या आधी सुताराकडे जा. 1965 साली अमेरिकेतल्या बेनब्रिज बेटावर जोएल प्रिचर्ड, बिल बेल आणि बार्नी मॅक्कलम यांनी सुट्टीत कंटाळलेल्या घरच्यांसाठी हा खेळ काढला, तेव्हा बॅडमिंटनचं जुनं कोर्ट होतं आणि पुढे पॅडल प्लायवूडची कापली होती. आज कार्बन फायबरचं पॅडल हजारो रुपयांना मिळतं, ते घेणाऱ्याने खुशाल घ्यावं. आम्ही 15 इंच लांब, 8 इंच रुंद अशी प्लायची कापून घेतली. लांबी 17 इंचांहून जास्त नको, आणि लांबी-रुंदीची बेरीज 24 च्या आत, एवढं नियमात बसलं की झालं. पहिली बारा मी 9 मिलिमीटरच्या प्लायची करवली आणि फसले. वजन एवढं, की तासाभरात बायकांची मनगटं भरून आली. धुणं-भांडी करणारीचं मनगट म्हणजे तिची रोजी, याचा विचार मी करायला हवा होता. पुढची 6 मिलिमीटरची केली, मुठीला दोन्ही बाजूंनी पट्टी चिकटवली, वरून बॅडमिंटनची ग्रिप. कडा सँडपेपरने घासा, नाहीतर ओरखडे ठरलेले.

चेंडू मात्र चांगले घ्या. बाहेर खेळायचा चेंडू 40 बारीक भोकांचा असतो, आतला 26 मोठ्या भोकांचा. आमच्याकडे संध्याकाळी खाडीवरून वारा सुटला की 26 भोकांचा चेंडू पतंगासारखा वागतो. बाहेरचे चेंडू थंडीत तडकतात म्हणतात. आपल्याकडे थंडी कुठली, आमचे उन्हात ठेवून मऊ झाले. सावलीत ठेवा.

पहिल्या दिवशी नियम सांगू नका. समोरासमोर किचनच्या रेघेवर दोघींना उभं करा आणि चेंडू हळूच जाळीपलीकडे टाकायला सांगा. त्याला डिंक म्हणतात, पण मी म्हणते, भाकरी तव्यात टाकता तशी. भाकरी टाकताना जोर लावतो का? वसाहतीतल्या बायकांचा हात दोन मिनिटांत बसला. टॉवरमधल्या जिमवाल्या पोरांना अजून जमत नाही. सर्व्हिस शिकवताना चेंडू हातातून नुसता सोडायचा, टप्पा पडला की मारायचा. हे नियमात बसतं आणि हवेतला चेंडू हुकायची लाज टळते. मग दोन टप्प्यांची गोष्ट सांगा: सर्व्हिस समोरच्याने टप्पा पडू देऊन मारायची, आणि ती परतली की आपणही एक टप्पा पडू द्यायचा. त्यानंतर किचनमध्ये उभं राहून चेंडू हवेतल्या हवेत मारायचा नाही, टप्पा पडला तर आत जायला हरकत नाही. हा नियम ऐकून एक आजी म्हणाल्या, "पन्नास वर्षांत पयल्यांदा कुणीतरी म्हणतंय किचनात जाऊ नको." त्यानंतर तो नियम कोणाला परत सांगावा लागला नाही.

गुण फक्त सर्व्हिस करणाऱ्याला, गेम 11 चा, दोनच्या फरकाने. डबल्समध्ये तीन आकडे पुकारतात (आपले गुण, समोरच्यांचे गुण, आणि सर्व्हिस करणारा जोडीतला पहिला की दुसरा) आणि गेम 'शून्य-शून्य-दोन'ने सुरू होतो. मोठ्यांचा तिथे हमखास गोंधळ. ते काम मुलांना द्या. वॉचमनची ती मुलगी आता आमची पंच आहे. माझ्या नवऱ्याचा पाय किचनच्या रेघेवर पडला की ती बोट दाखवते. तो वाद घालतो. ती ऐकत नाही.

खेळायला कोणी यायचं हे सुटलं, पण कोण किती खेळणार हा खरा तिढा. मोकळं सोडलं तर चार तरबेज माणसं कोर्ट बळकावतात आणि नवीन बाई कठड्यावर बसून राहते, तिसऱ्या रविवारी येतच नाही. आम्ही एक जुना चप्पल-स्टँड कोर्टाबाहेर ठेवला. येणाऱ्याने आपलं पॅडल त्यात ओळीने लावायचं. गेम संपला की चौघंही बाहेर, पुढची चार पॅडल आत. जिंकलेली जोडी आत थांबते ही पद्धत गल्ली क्रिकेटला ठीक. आणि जोड्या चिठ्ठीने, दोन डब्यांतून: एका डब्यात वसाहतीतली नावं, दुसऱ्यात टॉवरमधली. हे सुरुवातीला काही जणांना रुचलं नाही. एक गृहस्थ दोन रविवार आले नाहीत, तिसऱ्या रविवारी आले, आणि त्यांची चिठ्ठी त्यांच्याच गाडी धुणाऱ्या मुलाबरोबर निघाली. दोघं 11–4 हरले. आता ते त्याला गाडीपाशी भेटले की आधी सर्व्हिसबद्दल बोलतात, काच नंतर.

वसाहतीतला एक तरुण व्हीलचेअरवर आहे. त्याला दोन टप्पे मिळतात, हा अधिकृत नियम आहे. पुढची लहान चाकं किचनमध्ये असली तरी हवेतला चेंडू तो मारू शकतो. त्याच्या जोडीदाराला एकच टप्पा. कोर्टापर्यंतची एक पायरी मात्र कोणत्याही नियमात बसत नव्हती. तिथे फळी टाकायला आम्हाला सात महिने लागले, आणि त्याबद्दल मला काही चांगलं सांगता येणार नाही.

पडणं. हा भाग नीट वाचा. या खेळात म्हातारी माणसं पडतात ती बहुतेक उलट्या पावलांनी मागे धावताना. डोक्यावरून चेंडू गेला की आपोआप पाय मागे जातात. पहिल्याच पावसाळ्यात आमच्या एका मावशी अशाच पडल्या. हात टेकला आणि मनगट मोडलं. सहा आठवडे त्यांची कामं बुडाली. तिघींनी त्यांची घरं वाटून घेतली आणि पगार त्यांचा त्यांना मिळाला, पण हे आधी ठरलेलं नव्हतं, सुदैवाने जमलं. तुम्ही आधी ठरवा. आता आमचा पहिला नियम: डोक्यावरून गेलेला चेंडू गेला. 'गेला!' असं सगळ्यांनी मिळून ओरडायचं. धावायचंच असेल तर आधी अंग वळवा, मग धावा. चपलेवर खेळ नाही. जुने बूट जमवून आकड्यांप्रमाणे एका पेटीत ठेवलेत. साडी चालते, पदर खोचून आणि निऱ्या घोट्याच्या वर घेऊन. आमच्याकडे एकजण कासोट्यात खेळतात आणि त्या सर्वांत चपळ आहेत. बीपीची गोळी घेतली का हे मी दारातच विचारते. सवय आहे, शाळेत रुमाल आणि नखं तपासायचे.

आवाजाची तक्रार आली तर भांडू नका. कडक पॅडलवर कडक प्लास्टिक, हा टकटक आवाज उंच पट्टीतला असतो आणि भिंतीवरून घुमतो. पहिल्या मजल्यावरचा एक मुलगा ऐरोलीला रात्रपाळी करतो, सकाळी झोपतो. तो खाली आला तेव्हा आमच्यातले दोघे त्याच्यावर तुटून पडले. त्याचं म्हणणं खरं होतं. सकाळच्या सरावाला आता फोमचा चेंडू, दुपारी दोन ते चार बंद, रात्री नऊनंतर बंद, आणि दहावी-बारावीच्या परीक्षा संपेपर्यंत फक्त रविवार. वेळा फळ्यावर लिहून टांगल्या. तो मुलगा खेळत नाही, पण आता खिडकीतून स्कोअर विचारतो.

पैसे उभे करायचे असतील तर स्पर्धा घ्या, पण वर्षाला एकच आणि चषकाशिवाय. चषक, बॅनर, पाहुण्यांची शाल यांत जमलेलं सगळं जातं. आमच्या पहिल्या स्पर्धेत 16 जोड्या होत्या. चार गट, प्रत्येक गटात सहा सामने म्हणजे 24, वर दोन उपांत्य, एक अंतिम: 27. एका सामन्याला पंधरा मिनिटं धरा. एका कोर्टावर पावणेसात तास झाले. सातला सुरू केलं, एप्रिल महिना, फायनल भर दुपारी. दोघींना चक्कर आली आणि मी स्वतःवर चिडले, कारण हा गुणाकार मी शाळेत दरवर्षी करायचे. आता शाळेच्या पटांगणात दोन कोर्टं आखतो आणि दहा मिनिटांवर शिट्टी, जो पुढे तो जिंकला. साडेनऊ-दहाला आटोपतं.

फीचं सांगते. वसाहतीतल्यांना मोफत ठेवलं होतं, तर त्याच म्हणाल्या, फुकट नको, पावती द्या. मग प्रत्येक जोडीत टॉवरमधल्याचे 400 आणि वसाहतीतल्याचे 20. जमले 6,720. त्यातून दोन वॉकर, एक कमोडची खुर्ची, उरलेल्याचे चेंडू आणि लिंबू सरबत. वॉकर का, तर माथाड्यांच्या उमेदीच्या वर्षांची किंमत पाठीने आणि गुडघ्यांनी फेडलेली असते. ऑपरेशन झालं की काही आठवड्यांसाठी वॉकर लागतो आणि मग तो माळ्यावर पडतो. वसाहतीत तळमजल्यावर एका निवृत्त माथाडीकाकांच्या ओट्यावर आम्ही रुग्णसाहित्याची वही ठेवली. 200 रुपये अनामत, वस्तू परत आली की पैसे परत. अनामत ठेवाच, नाहीतर वॉकर गावाला जातो आणि तिकडेच राहतो. पहिली नोंद टॉवरच्या आठव्या मजल्यावरची आहे.

आणि सोसायटीबाहेर पावतीपुस्तक फिरवायचं मनात असेल तर जरा थांबा. लोकांकडून वर्गणी गोळा करायची तर गणपती मंडळंही धर्मादाय आयुक्तांची परवानगी घेतात, ती उगाच नाही. सोपा मार्ग म्हणजे आधीच नोंदणी असलेली, माहितीतली संस्था गाठा आणि देणगी थेट तिच्या खात्यात जाऊ द्या. पावती तिची, हिशेब तिचा. ज्यांना देणगीवरच्या आयकर सवलतीची पावती (लोक तिला 80जी म्हणतात) हवी असते त्यांना सांगा, 2,000 रुपयांच्या वर रोख दिलं तर वजावट मिळत नाही. आपला हिशेब मात्र कोर्टाच्या फळ्यावर, खडूने, सरबताच्या साखरेसकट.

पावसाचं तेवढं राहिलं. जूनच्या पहिल्या सरीनंतर कोब्यावर शेवाळ धरतं, ते डोळ्यांना दिसायच्या आधी पायाला कळतं. जाळी उतरवा, प्लायची पॅडल गुंडाळून कोरड्या जागी ठेवा, नाहीतर फुगतात. ते चार महिने आम्ही शाळेच्या व्हरांड्यात जाळीऐवजी बाक आडवा लावून फोमच्या चेंडूने नुसतं डिंक खेळतो. रविवार, साडेपाच. वेळ तीच ठेवली आहे, कारण ती एकदा सुटली की परत मिळवायला पुन्हा सह्या गोळा कराव्या लागतील.